परळपर्यंतचा रस्ता : टाळेबंदीच्या तीन महिन्यांतील कॅन्सर उपचारांचे एक प्रकरण

1 मार्च ते 31 मे 2019 या तीन महिन्यांत देशातील 41 कॅन्सर केंद्रांत मिळून 1,12,270 नव्या रुग्णांची नोंद झाली होती. पुढच्या वर्षी याच तीन महिन्यांत, याच केंद्रांत ती 51,760 झाली. नॅशनल कॅन्सर ग्रिड या जाळ्यातील केंद्रांनी एकत्र केलेले हे आकडे 2021 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षभरात कॅन्सरचे प्रमाण निम्म्यावर आले असे कोणीही म्हणणार नाही. म्हणजे साठ हजारांहून अधिक नोंदी व्हायला हव्या होत्या आणि त्या झाल्या नाहीत. त्या का झाल्या नाहीत, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी मुंबईच्या परळमधील टाटा स्मारक रुग्णालय मध्यभागी ठेवले आहे, कारण या जाळ्याचे सूत्रसंचालन तेथूनच होते आणि रुग्णांच्या वर्तनात झालेला बदल तेथे अधिक स्पष्ट दिसतो.

या घसरणीचे सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर म्हणजे भीती. लोक करोनाला घाबरले, म्हणून रुग्णालयात गेले नाहीत. हे उत्तर खोटे नाही, पण ते फार लवकर दिले जाते, आणि एकदा ते दिले की पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले, तर भीतीइतकेच, माझ्या मते भीतीपेक्षा अधिक, अंतर हे कारण होते असे दिसते. रुग्णाचे घर आणि उपचाराचे ठिकाण यांच्यामधला रस्ताच त्या तीन महिन्यांत नाहीसा झाला होता.

परळला कोण येते

टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. 1957 मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. मुंबईकर ते आपल्या शहरातील रुग्णालय समजत असला, तरी त्याच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या माणसांची भाषा ऐकली की हा समज टिकत नाही. भोजपुरी, बंगाली, मैथिली, ओडिया, वऱ्हाडी, अहिराणी असे सगळे तेथे कानावर पडते. जवळच केईएम आणि वाडिया ही रुग्णालये आहेत, त्यामुळे तो सगळा परिसरच आजारी माणसे आणि त्यांचे नातेवाईक यांचा आहे. धर्मशाळेत जागा मिळाली नाही, तर पदपथावर चादर अंथरून, उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची चळत ठेवून झोपणारी कुटुंबे तेथे वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. कॅन्सरचा उपचार एका भेटीत संपत नाही. एकदा परळला आलेले कुटुंब काही आठवडे, कधी काही महिने, तेथेच संसार मांडून राहते.

हे सगळे रेल्वे आणि एसटी यांच्या आधारावर उभे आहे. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात मोठी सवलत देते. स्लीपर आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात तर रुग्णाचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्यालाही सवलत मिळते. साथीच्या सुरुवातीला, 20 मार्च 2020 पासून, विनाकारण प्रवास टाळावा म्हणून रेल्वेने बहुतेक सवलती स्थगित केल्या. रुग्ण, विद्यार्थी आणि दिव्यांग यांच्या सवलती तेवढ्या कायम ठेवल्या. निर्णय समंजस होता. पण दोनच दिवसांनी प्रवासी गाड्या थांबल्या. सवलत राहिली, गाडी राहिली नाही.

एका रुग्णाची वाट

मराठवाड्यातून किंवा सोलापूरकडून येणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाची वाट एरवी कशी असते, हे पाहिल्याशिवाय ती कोठे तुटली हे कळणार नाही. पुढील वर्णन कोणा एका व्यक्तीचे नाही; पण या रोगाशी संबंध आलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल.

पंचेचाळिशीतला माणूस, वीस वर्षे तंबाखू-चुना मळून गालात धरणारा. गालाच्या आतून एक चट्टा येतो, तिखट लागले की झोंबतो. गावातला डॉक्टर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायला जेल देतो. महिना जातो. मग कोणीतरी दाढेचे टोक घासते म्हणते, म्हणून तालुक्याला दाताच्या डॉक्टरकडे. तो बहुधा पहिला माणूस, जो आरसा घालून नीट पाहतो आणि तुकडा काढून तपासायला सांगतो. तुकडा काढला की रोग पसरतो, ही समजूत घरात कोणाच्या ना कोणाच्या तोंडी असतेच, त्यात आणखी पंधरा दिवस जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी बायोप्सी होते, रिपोर्ट येतो, कागदावरचा शब्द घरातला शिकलेला पोरगा वाचतो आणि कोणीतरी म्हणते, 'आता टाटालाच न्या.' रातराणीने परळच्या एसटी आगारात उतरायचे, नावनोंदणी, पुन्हा तपासणी, बायोप्सीच्या काचा तेथील विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागाकडे, सीटी स्कॅन, मग वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसून काय करायचे ते ठरवतात, आणि मग शस्त्रक्रियेची तारीख.

या साखळीत किमान आठ कड्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा परळच्या बाहेर आहेत. टाळेबंदीने पहिला घाव घातला तो गावातल्या आणि तालुक्याच्या कडीवर. मार्च-एप्रिल 2020 मध्ये अनेक खाजगी दवाखाने बंद होते किंवा फोनवरच औषध सांगत होते. दंतवैद्यांचे काम तर रुग्णाच्या उघड्या तोंडाशी, तुषार उडवणाऱ्या यंत्रांनी चालते. संसर्गाचा धोका सर्वाधिक असलेल्या व्यवसायांत ते मोडत असल्याने नेहमीची दंतचिकित्सा थांबवावी लागली. तोंडाच्या कॅन्सरचा संशय प्रथम घेणारा माणूसच असा साखळीतून गळला. त्या काळात गालात चट्टा असलेल्या माणसाला आपण कॅन्सरचे रुग्ण आहोत हे ठाऊकच नव्हते. त्यामुळे तो करोनाला घाबरून टाटाला गेला नाही, असे म्हणता येत नाही. टाटाला जायचे आहे, हे सांगणारेच कोणी त्याला भेटले नाही.

त्यापुढच्या कड्याही सुटत गेल्या. 23 मार्चपासून महाराष्ट्रात संचारबंदी लागली, 24 मार्चच्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी. जिल्ह्याची हद्द ओलांडायला पोलिसांचा पास लागू लागला. वैद्यकीय कारणासाठी तो मिळत असे, पण त्यासाठी ऑनलाइन अर्ज, कागद जोडणे आणि स्वतःचे वाहन ठरवणे आले. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक 20 ऑगस्टला सुरू झाली आणि ई-पासची अट सप्टेंबरच्या सुरुवातीला गेली. म्हणजे ज्याला रातराणीचे तिकीट परवडते पण मुंबईपर्यंतची खाजगी गाडी परवडत नाही, त्याच्यासाठी हा रस्ता पाच महिने बंद होता. लांबून येणाऱ्यांसाठी 12 मेपासून मोजक्या आणि 1 जूनपासून आणखी काही विशेष गाड्या सुरू झाल्या, पण त्या आरक्षणाच्या, आणि मुंबईचे नाव तेव्हा गावोगावी साथीचे आगर म्हणून घेतले जात होते. मुंबईहून परतलेल्याला गावच्या शाळेत चौदा दिवस काढावे लागत. उपचाराला जायचे तर जाताना पास आणि येताना विलगीकरण, अशी दुहेरी किंमत होती.

याच काळात पैशाची अडचण मात्र काही अंशी कमी झाली होती, हे नोंदवले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे 2020 मध्ये राज्यातील सर्व नागरिकांना, म्हणजे पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही, लागू झाली. उपचाराचा खर्च हाच एकमेव अडसर असता, तर त्या महिन्यात गर्दी वाढायला हवी होती.

आकडे काय सांगतात

आता 41 केंद्रांच्या आकड्यांकडे परत येऊ. नव्या नोंदी 54 टक्क्यांनी घटल्या. पुनर्तपासणीच्या भेटी 6,34,745 वरून 3,40,984 वर आल्या, म्हणजे 46 टक्के घट. मोठ्या शस्त्रक्रिया 49 टक्के, छोट्या शस्त्रक्रिया 52 टक्के, दाखल रुग्ण 36 टक्के, बाह्यरुग्ण विभागातील केमोथेरपी 37 टक्के आणि विकृतिशास्त्राच्या तपासण्या 38 टक्के कमी झाल्या. किरणोपचार घेणारे रुग्ण मात्र 23 टक्केच घटले.

त्याच केंद्रांत, एकाच साथीत, हे आकडे इतके वेगळे का? भीती हेच मुख्य कारण असते, तर रोज उठून रुग्णालयात जावे लागणारा उपचार लोकांनी सर्वांत आधी सोडला असता. किरणोपचार तसाच असतो: आठवड्यातले पाच दिवस, पाच-सहा आठवडे, रोज हजेरी. तरीही त्यातच घट सर्वांत कमी. माझे वाचन असे की, किरणोपचार चालू असलेला रुग्ण टाळेबंदीच्या आधीच शहरात येऊन राहिला होता. तो धर्मशाळेत, नातेवाइकाच्या खोलीत किंवा भाड्याच्या जागेत अडकला होता आणि रुग्णालयापासून चालत जाण्याच्या किंवा थोड्या प्रवासाच्या अंतरावर होता. मध्येच खंड पडला तर आधीचे सगळे वाया जाईल, हे त्याला डॉक्टरांनी बजावलेले असते. जो आत होता तो आत राहिला. जो बाहेर होता तो बाहेर राहिला. नव्या नोंदींतील घट आणि किरणोपचारांतील घट यांच्यातला फरक हा या दोन प्रकारच्या माणसांमधला फरक आहे.

दुसरा पुरावा शहरांचा. याच अभ्यासात मोठ्या महानगरांतील केंद्रांची घट मध्यम आणि लहान शहरांतील केंद्रांपेक्षा अधिक आढळली. महानगरांत साथ अधिक होती, निर्बंध कडक होते, म्हणून भीतीही अधिक, असे म्हणता येईल. पण महानगरातील केंद्र म्हणजेच दुरून येणाऱ्यांचे केंद्र, हेही तितकेच खरे आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला कॅन्सर रुग्णालय आहे आणि 1987 पासून तेथे ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदवही चालते. टाटा स्मारकाचा त्या कामाशी दीर्घकाळ संबंध आहे. वाराणसीत टाटा स्मारक केंद्राने 2018 आणि 2019 मध्ये दोन रुग्णालये सुरू केली. ही ठिकाणे उभी करताना साथीचा विचार कोणाच्या मनात नव्हता. परळची गर्दी कमी व्हावी आणि रुग्णाचा प्रवास वाचावा, इतकाच हेतू होता. टाळेबंदीत त्याच हेतूला निराळा अर्थ आला.

तपासणी मोहिमांचे तर नावच नको. सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत लक्षणे नसतानाच केली जाणारी कॅन्सरची तपासणी एकतर पूर्ण थांबली किंवा नेहमीच्या एक चतुर्थांशाखाली गेली. तपासणीला येणारी स्त्री निरोगी असते, तिला कोणताही त्रास होत नसतो; तिने साथीत घराबाहेर पडावे असे कोणीही म्हटले नसते, आणि तिला बोलवायला जाणाऱ्या आरोग्यसेविका आणि आशाताई घरोघरी ताप मोजत होत्या. येथे रुग्णांच्या वर्तनाचा प्रश्नच नाही. बोलावणेच थांबले होते.

भीतीचा वाटा

याचा अर्थ भीती नव्हती असे नाही. रुग्णालयाची भीती मुंबईला जुनी आहे. ऑक्टोबर 1896 मध्ये, प्लेग सुरू होऊन महिना-दीड महिना झाला असताना, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला होता. आत गेलेला माणूस जिवंत परतत नाही, अशी तेव्हाची समजूत होती. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय, परळपासून जवळच. मार्च 2020 मध्ये मुंबईतील करोनाचे पहिले रुग्ण तेथेच दाखल झाले. मात्र 1896 आणि 2020 यांत एक फरक आहे. प्लेगच्या वेळी लोक रुग्णालयापासून आणि शहरापासून पळत होते, कारण त्यांना जबरदस्तीने नेले जाई. 2020 मध्ये परळच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी लोक रुग्णवाहिका, भाजीचे टेम्पो, पासवाल्या गाड्या शोधत होते.

भीती कोठे अधिक काम करते हे पाहायचे असेल, तर क्षयरोगाकडे पाहावे. देशात 2019 मध्ये 24.04 लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. 2020 मध्ये ती 18.05 लाखांवर आली, सुमारे एक चतुर्थांश घट. क्षयरोगाचे केंद्र बहुधा घराजवळ असते, तेथे जायला रेल्वे लागत नाही. तरीही लोक आले नाहीत, कारण खोकला हे लक्षणच त्या वर्षी संशयित ठरले होते. खोकणाऱ्याला शेजारी टाळत, दवाखान्याच्या दारावर अडवले जाई, आणि खोकला सांगितला तर आपल्याला उचलून नेतील, असे त्यालाही वाटे. शिवाय क्षयरोग शोधणारी सीबीनॅट आणि गोव्यात बनणारी ट्रूनॅट ही यंत्रे करोना चाचण्यांच्या कामाला लागली होती. म्हणजे क्षयरोगात अंतर कमी असूनही भीती आणि यंत्रणेची ओढाताण मोठी होती, कॅन्सरमध्ये उलटे. एकाच साथीत दोन रोगांचे रुग्ण दोन वेगळ्या कारणांनी घरी राहिले, आणि दोघांचीही नोंद 'रुग्ण आले नाहीत' या एकाच रकान्यात झाली.

'नियोजित' या शब्दाची गफलत

रुग्णांनी काय केले याइतकेच, दाराच्या आतल्यांनी काय ठरवले यावरही आरोग्यसेवेचा वापर ठरतो. 20 मार्च 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यास सांगितले. खाटा, संरक्षक पोशाख आणि माणसे साथीसाठी राखून ठेवणे आवश्यक होते, त्यामुळे सूचना योग्यच होती. पण नियोजित याचा अर्थ टाळण्याजोगी असा होत नाही. हर्निया, मोतीबिंदू, गुडघा यांच्या शस्त्रक्रिया नियोजित असतात. जिभेच्या कॅन्सरचीही नियोजितच असते. रात्री दोन वाजता उघडावे लागणारे पोट तेवढे तातडीचे, असे मानले तर कॅन्सर कधीच तातडीचा ठरत नाही, आणि तरीही तो थांबत नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणाने त्याला आकडा दिला: कॅन्सरची शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सुमारे सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो.

तो आकडा मार्चमध्ये कोणाच्या हाती नव्हता. हाती होती ती शस्त्रक्रियेनंतर करोना झाल्यास काय होते याबद्दलची धास्ती. मे महिन्याच्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये 24 देशांतील 1,128 रुग्णांची माहिती आली, तेव्हा ती धास्ती निराधार नव्हती असे दिसले: शस्त्रक्रियेच्या आगेमागे करोना झालेल्यांपैकी 23.8 टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले होते. टाटा स्मारक रुग्णालयाने मात्र मार्चमध्येच दार उघडे ठेवायचे ठरवले. कर्मचाऱ्यांच्या तुकड्या पाळीपाळीने, ज्यांचा रोग बरा होण्याची शक्यता आहे त्यांना आधी, आणि ज्या उपचाराने फारसा फरक पडणार नाही तो मागे, असे निकष लावले. लोकल बंद असताना वसई-विरार आणि कल्याण-बदलापूरकडच्या परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ यांना कामावर आणणे हेच रोजचे मोठे काम होते. अत्यावश्यक सेवेसाठी बेस्ट आणि एसटीच्या बसगाड्या सुरू होत्या, तरी लोकलला पर्याय म्हणून बस म्हणजे पहाटे चारला उठणे.

23 मार्च ते 30 एप्रिल या काळात तेथे 494 नियोजित मोठ्या कॅन्सर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी 423 गुंतागुंतीच्या, वरच्या श्रेणीच्या होत्या. एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. 28 जणांना गंभीर स्वरूपाची गुंतागुंत झाली. लक्षणे दिसल्याने 26 जणांची करोना चाचणी केली, त्यांपैकी सहा जण बाधित निघाले. हे आकडे समाधानाचे आहेत, पण ते वाचताना एक गोष्ट निसटू देऊ नये. या रुग्णांचे मध्यवय 48 होते, म्हणजे निम्मे त्याहून लहान आणि निम्मे मोठे, आणि साठीपुढचे केवळ 13 टक्के. काही अंशी हे आपल्याकडील कॅन्सरचे वयच आहे, तोंडाचा कॅन्सर येथे तरुणपणीच गाठतो. काही अंशी निवड आहे. शिवाय ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली तो आधीच परळला पोहोचलेला होता. दार उघडे ठेवल्याचा लाभ दारापाशी असलेल्यांना मिळाला. दार उघडे ठेवणे चूक होते असे मुळीच नाही. ते बंद असते तर हे 494 जणही बाहेर राहिले असते.

भेटीवाचून उपचार

पुनर्तपासणीच्या भेटींतील 46 टक्के घटीकडे मी नव्या नोंदींतील घटीच्या नजरेने पाहत नाही. उपचार संपून चार वर्षे झालेला, ठणठणीत असलेला रुग्ण गोरखपूरहून दोन रात्री प्रवास करून येतो, डॉक्टर मान तपासतात, 'सहा महिन्यांनी या' म्हणतात, आणि तो पुन्हा दोन रात्री प्रवास करून परत जातो. अशा सगळ्याच भेटींना पर्याय नाही असे नाही. 25 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरध्वनी आणि व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना जाहीर झाल्या. एप्रिलमध्ये केंद्राची ई-संजीवनी बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि डॉक्टरांशी फोनवर बोलायचे, ही सवय त्या महिन्यांत रुग्णांना आणि डॉक्टरांनाही लागली. त्यात काही सुटले असेल, मानेतली छोटी गाठ फोनवर हाताला लागत नाही. तरी दोन रात्रींचा प्रवास वाचला.

उपचारांचेही तसेच. स्तनाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत मिळून पंधरा दिवस द्यायचे किरणोपचार पाच दिवसांत दिले तरी पाच वर्षांच्या निकालांत कमी पडत नाहीत, हे दाखवणारी ब्रिटनमधील चाचणी योगायोगाने एप्रिल 2020 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. बरा न होणाऱ्या तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये शिरेतून द्यायच्या केमोऐवजी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घरी घेण्याची पद्धत टाटा स्मारकाच्याच डॉक्टरांनी तपासली होती, आणि ती सरस ठरल्याचा निकालही त्याच वर्षी आला. हे संशोधन साथीसाठी केलेले नव्हते. गरीब आणि दूरच्या रुग्णाला परवडेल असे काही शोधावे म्हणून ते आधीच सुरू होते.

या पर्यायी व्यवस्थेत एक रुग्ण मात्र बसत नव्हता. दूरवैद्यकाच्या त्या मार्गदर्शक सूचनांत औषधांच्या याद्या आहेत: कोणती औषधे फोनवर सांगता येतील, कोणती आधी एकदा प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णालाच, आणि कोणती मुळीच नाही. शेवटच्या यादीत अमली पदार्थविषयक कायद्याखाली येणारी औषधे आहेत, म्हणजे तीव्र वेदनांवरचे मॉर्फिनही. मॉर्फिनवर नियंत्रण असावे याला कोणाची हरकत नाही. पण ज्याच्या जबड्याचे हाड रोगाने पोखरले आहे, ज्याला आता शस्त्रक्रिया नाही, केमो नाही, केवळ दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी आहे, तो एप्रिल 2020 मध्ये फोनवर डॉक्टरांशी पाहिजे तितका वेळ बोलू शकत होता, आणि ती एक गोळी सोडून जवळजवळ सगळे काही त्याला लिहून मिळू शकत होते. तिच्यासाठी घरातल्या कोणाला तरी मान्यताप्राप्त केंद्रापर्यंत जावे लागणार होते. तालुक्याच्या औषध दुकानात मॉर्फिन मिळत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणीही क्वचितच. त्या तीन महिन्यांत 41 केंद्रांत वेदनाशमन आणि परिहार सेवेकडे (पॅलिएटिव्ह केअर) पाठवलेले रुग्ण 19,474 वरून 13,890 वर आले. हे आकडे नोंद झालेल्यांचे आहेत. घरी विव्हळणाऱ्याची नोंद होण्यासाठीही आधी कोणीतरी रस्ता पार करून केंद्रात पोहोचावे लागते.